ओढणं आणि थांबवणं

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही दोघं मुलीकडे डेन्व्हरला होतो. त्या मुक्कामात आमच्या जावयांनी एक जुना पिकअप ट्रक घेतला. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. आपल्याकडे भाजी बाजारात येतात त्याच जातीचा, पण अंगापिंडाने दुप्पट. त्याच्यामागे चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर, जोडायचा आणि मुलांना डोंगरात फिरवायचं, असा बेत. पहिल्याच चढावर गाडी कण्हायला लागली. झालं! रोज रात्री जेवण झालं की जावई काँप्युटरसमोर. ताकद कशी वाढवायची? चिप बदला, एक्झॉस्ट मोठा करा, टर्बो बदला, गिअर बदला. मलाही उत्साहाने समजावून सांगायचे.

एका रात्री मी सहज विचारलं, "सगळं खरं, पण ही थांबते कशी?"

ते हसले. म्हणाले, "बाबा, आधी चढू तर दे!"

मी हा प्रश्न का विचारला ते शेवटी सांगतो. पण त्यांच्या हसण्याने मला एक नाद लागला. मी जन्मभर इतिहास शिकवला. इंजिनातलं मला शून्य कळतं. पण कुठलीही गोष्ट कशी कशी होत गेली हे वाचलं की थोडीफार डोक्यात शिरते, हा अनुभव आहे. म्हणून मी मुलीच्या घराजवळच्या वाचनालयात जाऊन, डिक्शनरी शेजारी ठेवून, या ओढणाऱ्या गाड्यांचा इतिहास वाचून काढला. त्यातलं जे मनात राहिलं ते इथे लिहितोय. मंडळी, गाड्यांची आवड नसली तरी वाचा. हा विषय फक्त गाड्यांचा नाही.

सुरुवात १९०८ पासून करू. त्या साली हेन्री फोर्डने मॉडेल टी बाजारात आणली. इंजिन २० अश्वशक्तीचं. अश्वशक्ती हे माप जेम्स वॅटने रूढ केलेलं. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचलणं म्हणजे एक अश्वशक्ती. म्हणजे यात वजन आहे, अंतर आहे आणि वेळही आहे. ओढण्याच्या सगळ्या इतिहासाची किल्ली इथेच आहे. शक्ती तेवढीच ठेवून वेग कमी केला, तर जोर वाढतो. सायकलवाल्यांना हे न शिकवता कळतं. चढ आला की ते गिअर बदलतात, पाय भराभर फिरतात, सायकल हळू जाते, पण चढते. गिअर हा चोख वाणी आहे. वेग मोजून घेतो, तेवढाच जोर मोजून देतो. उधार नाही आणि फुकटही नाही.

मॉडेल टीची एक गंमत वाचली. तिची पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल पंपाने नव्हे, आपल्या वजनाने इंजिनाकडे उतरायचं. चढ फार तीव्र असला आणि टाकीत पेट्रोल कमी असलं, की ते इंजिनापर्यंत पोचतच नसे. मग लोक गाडी वळवायचे आणि उलटी चढवायचे! शिवाय रिव्हर्सचा गिअर हा तिचा सगळ्यात जोरकस गिअर होता. म्हणजे दुहेरी फायदा. शेतकरी माणूस अडला की काय काय शोधून काढतो पाहा.

१९१७ साली फोर्डने तिचा थोरला भाऊ काढला, मॉडेल टीटी. एक टन वजनासाठीचा ट्रक. मला वाटलं, इंजिन मोठं केलं असेल. छे! इंजिन तेच, २० अश्वशक्तीचं. बदलला तो मागच्या आसातला गिअर. मॉडेल टीमध्ये त्याचं प्रमाण सुमारे ३.६४ ला १ होतं, टीटीमध्ये ते ७.२५ ला १ केलं. जोर जवळजवळ दुप्पट, वेग निम्मा. आज शंभर वर्षांनंतरही पिकअपवाले हाच उपाय करतात. ३.५५ चा गिअर काढून ४.१० चा बसवला की चाकाशी जोर साधारण १५ टक्के वाढतो. आणि याच्या उलटही होतं. टायर मोठे बसवले की जोर कमी होतो. हे वाचलं त्या रात्री मी हळूच बाहेर जाऊन पाहिलं. आमच्या जावयांनी गाडी घेतल्याबरोबर पहिलं काम केलं होतं ते म्हणजे रुबाबदार मोठे टायर! गाडी का कण्हत होती, त्यातलं निम्मं उत्तर तिथेच अंगणात उभं होतं.

आता ओढण्याची गोष्ट. १९१४ साली डेट्रॉइटमध्ये ऑगस्ट फ्रुहाफ नावाचा लोहार होता. फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकडाच्या व्यापाऱ्याला आपली बोट तळ्यावर न्यायची होती. त्याच्याकडे मॉडेल टी होती, पण बोट काही तिच्यावर चढवता येईना. फ्रुहाफने एक दुचाकी गाडा बनवला आणि तो मॉडेल टीला मागून जोडला. बोट तळ्यावर पोचली. सिबली इतका खूश झाला की त्याने आपल्या वखारीतली लाकडं वाहायलाही तसलेच गाडे करून घेतले. पुढे फ्रुहाफची कंपनी अमेरिकेतल्या ट्रेलर बनवणाऱ्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक झाली. आजचा जो अठरा चाकी ट्रक आहे, त्याच्या पूर्वजांमध्ये ही एका हौशी माणसाची बोट आहे. त्यामागचा विचार साधा होता. घोडा पाठीवर जेवढं वाहतो त्याच्या कितीतरी पट ओढतो. मग मोटारीचं तरी वेगळं कसं असेल?

इथून अमेरिकेत एक नवा धंदा सुरू झाला, आपल्या गाडीची ताकद वाढवून देण्याचा. म्हणजे आमचे जावई करत होते ते काही नवीन नव्हे. १९१०-२० च्या काळात मॉडेल टीला ट्रक करणारे, ट्रॅक्टर करणारे जोडसामान सर्रास मिळायचं. रक्स्टेल नावाचा दोन गिअरचा मागचा आस फोर्डच्या दुकानांतूनच विकला जायचा. वॉरफर्ड नावाची जादा गिअरपेटी मिळायची. १९२५ साली फोर्डने कारखान्यातच हौदा बसवून पिकअप विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. त्याआधी शेतकरी मोटारीची मागची बाजू कापून स्वतःच हौदा ठोकत होते.

आणि इथेच मी वाचता वाचता थांबलो.

मॉडेल टीचा पायातला ब्रेक चाकांवर नसायचा. तो गिअरपेटीच्या आत चालायचा. पाय दाबला की तिथलं फिरणं अडायचं आणि ते दांड्यामार्फत मागच्या चाकांपर्यंत पोचायचं. आता या दोघांच्या मधे जादा गिअरपेटी बसवली आणि गिअर बदलताना ती अधेमधेच न्यूट्रलमध्ये अडकली तर? चाकांचा आणि पायातल्या ब्रेकचा संबंध तुटला. उतार असेल तर गाडी सुटली! उरला फक्त मागच्या चाकांवरचा हातब्रेक, जो गाडी उभी ठेवण्यापुरता बरा होता. ज्या वस्तूने चढायचा जोर दिला, तिनेच थांबायची सोय काढून घेतली. मग त्यावर उपाय म्हणून मागच्या चाकांना बाहेरून लावायचे जादा ब्रेक विकायला आले. त्यांचं नाव काय असावं? रॉकी माउंटन ब्रेक. ज्या डोंगरांच्या पायथ्याशी बसून मी हे वाचत होतो, त्यांचंच नाव.

ही गोष्ट डोक्यात बसल्यावर पुढचा सगळा इतिहास मला एकाच रेषेत दिसायला लागला. ताकद आधी येते, ब्रेक मागाहून.

१९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचं, व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं. शक्ती ६५, म्हणजे मॉडेल टीच्या तिपटीहून जास्त. पण तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक फोर्डने दिले ते १९३९ साली. सात वर्षं लोक नव्या ताकदीची गाडी जुन्या पद्धतीच्या ब्रेकवर चालवत होते. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी ट्रकांवरून १९४६ मध्ये डॉजने पॉवर वॅगन काढली. चारही चाकांना जोर देणारा ट्रक सामान्य गिऱ्हाइकाला कारखान्यातून मिळू लागला. म्हणजे तोवर कळलं होतं की इंजिनात जोर असून भागत नाही, चाकाने जमीन धरली पाहिजे. चिखलात बैलाचा पाय घसरला तर बैल कितीही खिलारी असो, गाडी जागची हलत नाही.

मधे एक करमणूक. १९४७ साली एअरस्ट्रीम या कॅम्पर बनवणाऱ्या कंपनीने आपला कॅम्पर किती हलका आहे हे दाखवायला आल्फ्रेड लेतूर्नर या फ्रेंच सायकलपटूकडून तो सायकलने ओढवला. त्याचा फोटो फार गाजला. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसमध्ये टोयोटाच्या टुंड्रा पिकअपने एंडेव्हर हे निवृत्त अवकाशयान एका पुलावरून ओढून नेलं. सगळं मिळून वजन सुमारे २ लाख ९० हजार पौंड. २०१९ मध्ये फोर्डने विजेवर चालणाऱ्या एफ-१५० च्या नमुन्याने दहा लाख पौंडांहून जड आगगाडी ओढून दाखवली. ऐकायला प्रचंड वाटतं. पण या तिन्ही गोष्टींत साम्य काय? सपाट जमीन आणि मुंगीचा वेग. सपाटीवर चाकांवरची वस्तू हळूहळू हलवायला फारसा जोर लागतच नाही. स्टँडवर बंद पडलेली एसटी आपण दहा-पंधरा उतारूंनी ढकलत नेलीच आहे की! ओढण्याची खरी परीक्षा चढावर होते, आणि त्याहून मोठी उतारावर.

१९८९ च्या मॉडेलपासून डॉजने आपल्या रॅम पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं टर्बो डिझेल बसवलं. हे इंजिन मुळात शेतीची आणि कारखान्यांची यंत्रं चालवायला केलेलं. शक्ती फक्त १६०, पण जोर ४०० पौंड-फूट. मॉडेल टीचा जोर होता ८३. आणि ३० वर्षांनी, २०१९ च्या रॅममध्ये हाच आकडा १००० झाला. आज पिकअपमागे लोक जी प्रचंड घरं जोडून फिरतात ती या डिझेलच्या जिवावर.

पण डिझेलची एक खोड आहे. पेट्रोलच्या इंजिनात आपण पाय काढला की हवेची झडप मिटते, इंजिनाचा श्वास कोंडतो आणि ते स्वतःच गाडीला मागे खेचतं. घाटात खालच्या गिअरवर उतरायचं ते यासाठीच. डिझेलला अशी झडप नसते, त्यामुळे पाय काढला तरी ते फार अडवत नाही. म्हणजे जास्तीत जास्त वजन ओढणारं इंजिन उतारावर कमीत कमी साथ देणारं! यावर उपाय म्हणजे धूर बाहेर जायची वाट आवळायची, म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. रॅमच्या ६.७ लिटर इंजिनात तो कारखान्यातूनच बसून आला २००७ मध्ये. ट्रेलरचे स्वतःचे विजेवर चालणारे ब्रेक ट्रकमधून चालवणारी पेटी लोक बाहेरून आणून बसवत असत. फोर्डने आपल्या मोठ्या पिकअपमध्ये ती कारखान्यात बसवून दिली २००५ साली. सनावळ्या पाहिल्यात ना? पुन्हा तेच. ताकद आधी, ब्रेक मागाहून.

याच काळात आकड्यांची स्पर्धा जोरात होती. अमुक गाडी दहा हजार पौंड ओढते, तमुक साडेदहा हजार. पण हे आकडे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढायची. म्हणजे परीक्षा घेणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा विद्यार्थी स्वतःच! आम्हा मास्तरांना यातली गंमत लगेच कळेल. शेवटी अमेरिकेतल्या वाहन इंजिनिअरांच्या एसएई या संस्थेने २००८ मध्ये एक सामायिक परीक्षा ठरवली, जे-२८०७ नावाची. ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवरच्या डेव्हिस धरणापासून वर जाणारा सुमारे ११ मैलांचा चढ आहे, जवळजवळ ३००० फूट उंची. बाहेर तापमान ३८ सेल्सियस, गाडीतला एसी पूर्ण चालू, मागे सांगितलेलं पूर्ण वजन आणि साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. शिवाय १२ टक्के चढावर थांबून पुन्हा पुन्हा निघता आलं पाहिजे, ट्रेलर मागे सापासारखा वळवळता कामा नये, आणि ब्रेक लागले पाहिजेत. चढण्याबरोबर थांबणंही पेपरात आलं. त्यासाठी १९०८ पासून शंभर वर्षं लागली.

२०११ च्या मॉडेलला टोयोटाने ही परीक्षा सगळ्यांत आधी दिली. निकाल? तिच्या टुंड्राचा जाहीर आकडा काहीशे पौंडांनी खाली आला. गाडी तीच होती, फक्त खरं बोलली. बाकीच्या मोठ्या कंपन्या यायला आणखी काही वर्षं गेली. खरं बोलून आकडा कमी होणार असेल तर पहिलं कोण बोलणार, हा प्रश्न आपल्याकडेही काही कमी नाही!

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट.

आमची शाळा उसाच्या पट्ट्यातली. दिवाळी झाली की कारखाने सुरू व्हायचे आणि रस्त्यावर ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे दोन दोन ट्रॉल्यांची रांग लागायची. ट्रॉल्या इतक्या भरलेल्या की कधी चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उचलली जायची. मागच्या जोडावर वजनाचा भार आला की पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहून हे कौतुकाने बघायचो.

१९९० नंतरची गोष्ट. माझा एक विद्यार्थी होता. गणितात कच्चा, पण शिवकालातल्या सनावळ्या तोंडपाठ. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि तो उसाच्या ट्रॅक्टरवर लागला. एका संध्याकाळी स्टँडवर भेटला. वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, नवा ट्रॅक्टर आहे. दोन ट्रॉल्या, वीस टन माल, पण गडी हूं की चूं करत नाही!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "शाब्बास!"

त्याच हंगामात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्या दोन ट्रॉल्यांनी त्याला मागून ढकललं. ट्रॉल्यांना ब्रेक नव्हते. ट्रॅक्टर आडवा झाला आणि ट्रॉल्या त्याच्यावर आल्या. तो एकवीस वर्षांचा होता.

कुणी म्हणेल, यात तुमचा काय दोष? दोष नाही. पण मी मास्तर होतो. प्रश्न विचारणं हे माझं काम. वर्गात त्याला मी शंभर प्रश्न विचारले असतील. किती ओढतो हे त्याने मला सांगितलं, तेव्हा थांबवतोस कसा हा एक प्रश्न मी विचारला नाही. मी शाब्बास म्हणालो. तो शब्द अजून माझ्या तोंडात कडू लागतो.

असो.

हे सगळं मी एका रात्री जावयांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चिपचा विषय निघाला तेव्हा त्यांनीच दारावरची पट्टी मला दाखवली. गाडीने काय ओढायचं, किती भार घ्यायचा, यांच्या मर्यादा कारखान्याने आधीच ठरवलेल्या असतात. चिपने इंजिनाचा जोर वाढतो, पण सांगाडा, आस, ब्रेक आणि इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा तीच राहते. म्हणून त्या मर्यादा बदलत नाहीत. त्यांनी चिप घेतली नाही. मोठे टायर उतरवून मूळ मापाचे घातले. मागच्या आसातला गिअर बदलला. गिअरपेटीचं तेल थंड ठेवणारा कूलर बसवला आणि ट्रेलरच्या ब्रेकची पेटी जोडून घेतली. कॅम्परमधलं सामान काढून पुन्हा लावलं, कारण ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार जोडावर असावा लागतो. त्याहून कमी असला तर ट्रेलर वळवळतो, फार जास्त झाला तर आमच्या उसाच्या ट्रॅक्टरसारखी पुढची चाकं हलकी होतात.

ऑगस्टमध्ये आम्ही सगळे निघालो. डेन्व्हरच्या पश्चिमेला ११ हजार फुटांवर आयझेनहॉवर बोगदा आहे. तिथवर गाडी छान चढली, कण्हली नाही. बोगद्यापलीकडे लांबलचक उतार लागतो. त्या उतारावर रस्त्याला फुटून वर चढणारे खडीचे फाटे केलेले आहेत. ब्रेक गेलेल्या ट्रकने त्यात घुसायचं, खडीत चाकं रुततात आणि ट्रक थांबतो. ते पाहून मला त्या नदीकडच्या रस्त्याची आठवण झाली. तिथे असा फाटा असता तर...

जावयांनी गाडी खालच्या गिअरला टाकली आणि इतर गाड्या भराभर पुढे जात असताना आम्ही सावकाश उतरलो. नात मागून म्हणाली, "आजोबा, आपण इतके हळू का चाललोय?"

तिचे बाबा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "आजोबांना विचार. त्यांना माहीत आहे."

मी तिला एवढंच सांगितलं, की ही गाडी फार ताकदवान आहे, म्हणून.